काठावरच्या मुकादमाला शिकवा!

जमीन खोदणे हे मनुष्याचे फार जुने काम; म्हणूनच की काय, त्याला शिक्षणाची गरज नाही असा एक घातक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. मोटार हाकणाऱ्यास परवाना लागतो, विजेची जोडणी करणाऱ्यास परवाना लागतो. पण दोन पुरुष खोल चरात दहा माणसे उतरवणाऱ्या मुकादमास काय लागते? एक टेप, एक हजेरीवही आणि खणखणीत आवाज! एवढ्या भांडवलावर त्याच्या हाती दहा संसारांची दोरी दिली जाते.

मग एके दिवशी बातमी येते : गटाराच्या चरात माती ढासळून मजूर ठार. पंचनामा होतो, मदत जाहीर होते आणि ‘दुर्दैवी घटना’ या दोन शब्दांखाली ते प्रेत दुसऱ्यांदा पुरले जाते. आम्ही विचारतो, यात दैवाचा संबंध काय? एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक भरते. ती छातीभोवती बसली की डोके मोकळे राहूनही माणूस गुदमरतो. प्रत्येक उच्छ्वासासरशी माती अधिक आवळत जाते आणि पुढचा श्वास घेण्यास जागाच उरत नाही. सकाळी ओलाव्याच्या बळावर ताठ उभी असलेली बाजू दुपारी उन्हाने तडकते. आपली काळी माती तर वाळली की भेगाळते, भिजली की फुगते. त्यातून शहरातला चर बहुधा जुन्या गटाराच्या वा नळाच्या कडेने जातो. तिथली माती पूर्वीच उकरलेली, म्हणून भुसभुशीत. आणि वरून वाहनांचे हादरे चालूच! हे सारे आधी दिसते. फक्त पाहणारा डोळा शिकलेला हवा.

नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९९८ च्या केंद्रीय नियमांत खोदाईचे स्वतंत्र प्रकरण आले. २०२० साली कामगारांच्या सुरक्षिततेचे अनेक कायदे एका संहितेत गुंफले गेले. ‘भारतीय मानक ३७६४’ तर केवळ खोदाईच्या सुरक्षिततेसाठीच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची सुरक्षा संहिता स्पष्ट सांगते : दीड मीटर वा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्या, नाहीतर फळ्या-टेकूंचा भक्कम आधार द्या, काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितकी दूर टाका, १.२ मीटरपासून पुढे दर ३० मीटरला एक शिडी ठेवा, आणि तिचे टोक जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर येऊ द्या. बाजू खालून कोरू नका. यात न समजण्यासारखे काय आहे? परंतु हे नियम कचेरीच्या कपाटात आहेत आणि मुकादम उन्हात काठावर उभा आहे. दोघांची गाठ घालून देणे, यालाच आम्ही शिक्षण म्हणतो.

रोज काम सुरू होण्यापूर्वी आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा चराच्या बाजू तपासाव्यात, काठालगतची बारीक भेग ओळखावी, तळाशी पाणी झिरपताना दिसताच माणसे वर घ्यावीत, काठावर यंत्र उभे राहू देऊ नये, आणि एक गाडला गेला तर दुसऱ्यास आंधळेपणाने आत उडी घेऊ देऊ नये, हे त्याला शिकवले पाहिजे. पण केवळ शिकवून भागणार नाही. ‘काम बंद!’ म्हणण्याचा लेखी अधिकार त्याच्या हाती हवा. तो वापरल्याबद्दल ज्याची रोजी जाते, त्या मुकादमाच्या ज्ञानाला कवडीचीही किंमत नाही.

धोका चरात उतरणाऱ्यापुरताच असतो असेही नाही. जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात बांधकामाच्या जागेवरील मजुरांच्या झोपड्यांवर शेजारची संरक्षक भिंत भर पावसात कोसळली आणि १५ जीव गेले; त्यांत कोवळी मुले होती. काठाशी काय उभे आहे आणि त्या काठाखाली कोण झोपले आहे, हे पाहणे देखरेखीतच येते.

फळ्या-टेकूंनी खर्च वाढतो, वेळ जातो, अशी कंत्राटदारांची ओरड आहे. तो खर्च निविदेतच वेगळा दाखवा, म्हणजे सर्वांत कमी दराची बोली मजुराच्या छातीवर पाय देऊन जिंकता येणार नाही! शिक्षित देखरेख्याचे नाव कामाच्या फलकावर लिहा, आणि त्याच्यावाचून चर उघडला तर त्या कामाचे देयक रोखा. आणि इशारा मजुराला कळेल अशा भाषेत द्या. चरात उतरणारा मराठी असेल, कानडी असेल, बिहारहून आलेला असेल, ‘वर या!’ ही हाक त्याला कळण्यास क्षणाचाही विलंब होता कामा नये.

नगरपालिकांनी पुढच्या चरावर पहिली कुदळ पडण्यापूर्वी हे करावे. नागरिकांनीही रस्त्यावर उघडा चर दिसला की एवढेच विचारावे : आधार कुठे आहे, शिडी कुठे आहे आणि जबाबदार माणूस कोण? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.