मंगळसूत्र आणि मूठभर धान्य

संस्था सुरू होतात उत्साहाच्या बळावर. परंतु त्या टिकतात हिशेबाच्या बळावर. सातारा-सांगलीच्या मातीने हे सत्य फार पूर्वीच अनुभवले आहे.

कुंभोजचे भाऊराव पाटील जन्माने जैन. तरी त्यांच्या वसतिगृहाचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना सारखेच खुले होते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. पाठीशी ना संस्थान होते, ना ठेवी. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

त्या त्यागापुढे मस्तक नम्र होते. तथापि त्यातील कठोर अर्थही ध्यानी घ्यावयास हवा. मंगळसूत्र एकदाच देता येते. भूक मात्र दररोज लागते. एकाच घराच्या त्यागावर संस्था फार काळ जगू शकत नाही, हे भाऊरावांनी ओळखले. म्हणून त्यांनी गावोगाव फिरून आधार मागितला. कोणी रोकड दिली, कोणी धान्य, कोणी जमीन. विद्यार्थी शेतात राबले, आपल्या हातांनी अन्न शिजवू लागले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना संस्कार देणारी होती, तशीच खर्चाचा भार हलका करणारीही होती. म्हणूनच १९४८ च्या सुमारास सरकारी अनुदान थांबले, तेव्हा संस्था डगमगली. पण कोसळली नाही. तिची मुळे अनेक घरांत रुजली होती. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह म्हणूनच सार्थ वाटते.

आज गावोगावी चालणारी छोटी वाचनालये, वसतिगृहे, गोशाळा, औषधपेढ्या एका उदार दात्यावर विसंबून असतात. तो दाता थकला, की दिवाही मंदावतो. अशा संस्थांच्या विश्वस्तांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, उत्पन्नाचे मार्ग अनेक असावेत. हजार घरांचे शंभर रुपये एका घराच्या लाखापेक्षा अधिक विश्वासाचे असतात. दुसरी, देणगीदाराच्या लेखी संमतीने कायम निधी उभारावा आणि त्याच्या मुद्दलास हात न लावता केवळ व्याज वापरावे. आयकर कायद्यानुसार सर्वसाधारणपणे वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम कार्यावर खर्चावी लागते; उरलेल्या १५ टक्क्यांतून अडचणीच्या दिवसांची शिदोरी बांधता येते. तिसरी, लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचावा. हिशेब उघडा असला, की हात आपोआप सैल होतात.

अपरिग्रहाचे व्रत व्यक्तीसाठी आहे. परक्या लेकरांची जबाबदारी स्वीकारलेल्या संस्थेने उद्याची तरतूद करणे हा लोभ नव्हे. ते कर्तव्य होय. दानधर्म करताना श्रावकांनीही इमारतीवरील नावाच्या पाटीऐवजी संस्थेच्या रोजच्या चुलीकडे पाहावे. पुन्हा कोणा लक्ष्मीबाईंना गळ्यातले मंगळसूत्र उतरवावे लागू नये, याची काळजी समाजाने घेतली, तर तीच त्या माउलीस खरी आदरांजली ठरेल.