तिजोरी भरली म्हणजे राज्य पिकले नव्हे

सरकारला महसुलाची चणचण भासली की कुणाला ना कुणाला कॅसिनोची आठवण होते. कॅसिनो म्हणजे सरकारी परवान्याने चालणारा, झगमगाटातला जुगाराचा अड्डा. तो उघडला की पर्यटक येतील, हॉटेले भरतील, पोरांना रोजगार मिळेल, तिजोरीत कर पडेल, असा हिशेब मांडला जातो. महाराष्ट्रात हा हिशेब नवा नाही. कॅसिनोवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा विधिमंडळाने 1976 सालीच केला. त्या साली आमचा कापूस एकाधिकार खरेदीत अडकलेला होता. घामाचा माल हव्या त्याला विकण्याची शेतकऱ्याला मुभा नव्हती, जुगाराला मुभा देण्याचा कायदा मात्र तयार होता! तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करण्याचे ठरवले. कायदा गेला तरी हिशेब शिल्लक आहे. तो तपासून पाहू.

कॅसिनोतल्या चाकाला 0 ते 36 असे 37 खाने असतात. एका आकड्यावर रुपया लावला आणि तोच आला, तर आपला रुपया धरून 36 रुपये हातात येतात. सगळ्या 37 आकड्यांवर एकेक रुपया लावा. 37 गेले, 36 आले. उरलेला एक मालकाचा. लावलेल्या शंभरामागे सुमारे पावणेतीन रुपये मालकाकडे जातात आणि त्यातूनच सरकारचा कर निघतो. चाकाने एक दाणाही पिकवला नाही. ज्वारीचा एक दाणा पेरला तर कणसाला शेकडो दाणे लागतात. ही संपत्तीची निर्मिती. चाकावर फक्त खिसा बदलतो.

आचारी, वेटर, गाडीवाला यांना मजुरी मिळते, हे आम्ही नाकारत नाही. पण ती हरणाऱ्याच्या पैशातून येते. तो पैसा हरला नसता, तर त्याने कापड घेतले असते, घर बांधले असते, तिथेही मजुरी मिळालीच असती. हरणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर आपल्या राज्याचा फायदा, शेजाऱ्याचा तोटा. गोव्याने तेच केले. 1976 च्या तिथल्या जुगारबंदी कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली, पुढे मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. आणि फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या सरकारने खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत जाण्यास मनाई केली. ज्या धंद्याने राज्याचे भले होते, त्याच्या दारात राज्याच्याच माणसाला मज्जाव का? उत्तर सरकारला ठाऊक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीला हा महसुली हिशेब दारूच्या रूपाने माहीत आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात मायबहिणींच्या मोर्चांनंतर 2015 मध्ये ती झाली आणि 2021 मध्ये उठवली गेली. अवैध दारू वाढली, हे कारण दिले गेले. बुडालेला महसूलही मोजला गेला. बंदीने दारू संपत नाही, हे आम्हीही पाहिले. पण दुकानातून तिजोरीत किती आले याचा आकडा सरकार ठेवते, घरातून किती गेले याचा आकडा कोण ठेवतो? चुकाऱ्याचे पैसे घरी पोचण्याआधी कुठे जिरतात, हे घरच्या बाईला विचारावे.

जुगार आम्हा कापूसवाल्यांना परका नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या दरांच्या आकड्यांवर. पिकवणारा उपाशी आणि त्याच्या मालाच्या आकड्यावर पैसे लावणारा मजेत, ही रीत जुनी आहे. शेतीत आम्ही पावसाचा डाव पत्करतो. निसर्ग कुणाशी बेइमानी करत नाही. पण कॅसिनोतही पत्ते वाटल्यावर नियम बदलत नाहीत. आमच्या डावात सरकार बदलते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटी शेतात उभी असताना केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीचा हंगाम!

पर्यटन हवे, जरूर हवे. ताडोबाचा वाघ पाहायला देशोदेशीचे लोक येतात. पण त्याच जंगलाच्या कडेचा शेतकरी रानडुकरापासून पीक वाचवायला रात्रभर माळ्यावर जागल करतो. पर्यटनाचा जमाखर्च लिहायचा तर त्याची झोप आणि त्याचे पीक खर्चाच्या बाजूला मांडावे लागेल.

तिजोरीला तोशीस न लावता संपत्ती कशी वाढते, याचा धडा गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. 2011 मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला आणि गावाने आपला बांबू आपल्या भावाने विकला. सरकारने अनुदान दिले नाही, फक्त आडवा घातलेला पाय काढला.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आमचे मागणे सरळ आहे. हंगाम सुरू झाल्यावर कापसाच्या आयात-निर्यातीचे नियम बदलू नयेत. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई बाजारभावाने आणि वेळेवर मिळावी. वनहक्क मिळालेल्या प्रत्येक ग्रामसभेला आपला माल विकण्याची मोकळीक असावी. एवढे झाले तर राज्याच्या तिजोरीला चाकाच्या पावणेतीन रुपयांकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. उद्या पर्यटनाच्या नावाने कुणी हा हिशेब घेऊन आपल्या गावी आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: यात पिकते काय?