मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारायचं कोणी?

‘सामना’ला राजकीय चित्रपट म्हणण्याची पद्धत पडली आहे. आमच्या मते तो आधी अस्सल रहस्यपट आहे. १९७४चा, जब्बार पटेलांचा पहिलाच चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यात ना अंधारी हवेली, ना पिस्तुलं. एक दारुडा मास्तर साखर कारखान्याच्या गावात येऊन पडतो, हिंदुराव धोंडे पाटील त्याला वाड्यावर ठेवून घेतो, आणि मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो : मारुती कांबळेचं काय झालं?

आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे. उसाचा पट्टा आमचा नाही. इथे धान, बांबू, तेंदूपत्ता. धान निघालं की झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर नटाला आवाज चढवावा लागतो, आणि खलनायकाला तर जास्तच. त्या सवयीच्या डोळ्यांना निळू फुले थक्क करतात. पाटील ओरडत नाही. पाहुण्याशी मायेनं बोलतो, दारू पाजतो, आणि प्रश्न आला की डोळ्यांत काहीतरी हलतं. खून कोणी केला असेल हे आपल्याला लवकरच कळतं; तरी श्वास अडकतो तो या माणसाच्या चेहऱ्यावर. समोर डॉ. श्रीराम लागू. झिंगलेला, लोचट, हरलेला मास्तर. सभ्य नायकाचा मुलामा त्यांनी चढू दिलेला नाही. म्हणूनच त्याचा प्रश्न जास्त टोचतो. मराठी पडद्यावर दोन नटांची अशी बरोबरीची झुंज आम्हाला दुसरी आठवत नाही.

कौतुक झालं. आता आमचा सवाल.

मेलेला माणूस कांबळे आहे. आमच्याकडे रामटेके, मेश्राम, खोब्रागडे जास्त, पण कांबळे म्हणजे काय हे इथेही कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फौजेतून परतलेला, ताठ मानेचा माणूस गावातून नाहीसा होतो आणि त्याच्यासाठी भांडतो कोण? वाट चुकलेला पाहुणा, तोही पाटलाचीच दारू पिऊन! वस्ती कुठे आहे? दलित पँथर १९७२ची. म्हणजे ‘सामना’ पडद्यावर आला तेव्हा कांबळ्यांची पोरं रस्त्यावर प्रश्न विचारत होती. चित्रपटाला ती दिसली नाहीत. मारुतीची जात आडनावात ठेवून कथा पुढे सरकते आणि सारी लढाई पाटील आणि मास्तर यांच्यात होते.

आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २००६मध्ये खैरलांजी घडलं. गावाला सगळं माहीत होतं, गाव गप्प होतं. तिथे कुठला मास्तर आला नाही. विदर्भातल्या वस्त्या रस्त्यावर आल्या, लाठ्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले, तेव्हा कुठे राज्याला प्रश्न ऐकू गेला. २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. निकालातही जात आडनावापुरतीच उरली.

वस्तीनं विचारलेल्या या प्रश्नावर ‘सामना’च्या तोडीचा रहस्यपट आम्ही अजून पाहिलेला नाही.