हात कामात, मन कुठं?



सकाळचे सात वाजलेत. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा. साडेसातला डबे भरून तयार हवेत. हात भाकरी थापताहेत, पण मन? ते केव्हाच घराबाहेर पडलेलं असतं. आज नळाला पाणी येईल का, मुलाच्या शिकवणीचे पैसे द्यायचे राहिलेत, आणि गेल्या दिवाळीत जाऊबाई चारचौघांत जे बोलल्या ते तर दिवसातून एकदा तरी आठवायचंच! करपल्याचा वास नाकात शिरतो तेव्हा कुठं आपण तव्यापाशी परत येतो.

देवापुढं बसलं तरी तेच. ओठ हलतात, पोथीची पानं उलटतात, आणि उठताना लक्षात येतं की वाचलेलं एक अक्षर आठवत नाही. मग मनाला लागतं. ‘या रगाड्यात कसलं आलंय अध्यात्म? मुलं मार्गी लागू देत, साठीनंतर बघू,’ असं म्हणून आपण तो विषय लोणच्याच्या बरणीसारखा वरच्या फळीवर ठेवून देतो.

पण हा विषय वरच्या फळीवरचा नाहीच मुळी. तो ओट्यावरचा आहे. आणि हे आपल्या परभणी जिल्ह्यातल्याच एका बाईनं सातशे वर्षांपूर्वी दाखवून दिलंय.

जिंतूरच्या भगिनींना गंगाखेड काही नवीन नाही. गोदाकाठचं हे गाव संत जनाबाईंचं. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि तिथंच कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण्या थापणं, असा तिचा दिवस. घर दुसऱ्याचं, माणसंही पुष्कळ. आपल्याला सकाळचा अर्धा तास तरी आपला म्हणता येतो, तिला तोही नव्हता. पण तिच्या नावावरचे शेकडो अभंग पाहा. त्यांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, केर भरतो, पाणी वाहतो. काम संपवून देवाकडे जायचं, असं जनीनं ठेवलंच नाही. कामातच तिनं त्याला बोलावून घेतलं.

तिच्या शेण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शेण्यांवरून दोघींचं भांडण लागलं, तेव्हा जनीच्या शेण्या ओळखायच्या कशा? तर कानाला लावून. जिच्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ असा आवाज येईल ती जनीची! गोष्ट खरी की खोटी या वादात आपण शिरू नये. तिच्यातला अर्थ मात्र सोळा आणे खरा आहे. काम करताना मनात जे असतं ते कामात उतरतं. मनातला राग शेवटी आदळलेल्या भांड्यांच्या आवाजातून घरभर ऐकू येतोच की नाही?

आता आजच्या काळातलं एक उदाहरण. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघा संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना त्यांच्या मोबाइलवर दिवसात अधूनमधून विचारलं जाई : आत्ता काय करताय, मन कुठं आहे, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. गंमत म्हणजे, एखाद्या सुखद गोष्टीकडे मन गेलं असेल, तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा ती जास्त आनंदी नव्हती.

म्हणजे बघा, जाऊबाई बोलल्या असतील दोन मिनिटं. पण ते दोन मिनिटांचं बोलणं आपण वर्षभर रोज दळत बसतो. दाणे न घालता जातं फिरवलं तर पीठ पडत नाही, दगडाला दगड घासून जातंच झिजतं. तसं आपलं होतं. झोप आपली जाते, डोकं आपलं दुखतं, आणि पुष्कळदा पाठीत धपाटा बसतो तो बिचाऱ्या लेकराच्या!

मग करायचं काय? या आठवड्यात तीनच गोष्टी करून बघा.

पहिली गोष्ट : रोजचं एकच काम निवडा. समजा, भाकरी. तेवढा वेळ फक्त भाकरी करायची. पिठाचा स्पर्श, परातीवरचा थपथप आवाज, तळव्याला लागणारी तव्याची धग, पापुद्रा सुटून भाकरी फुगते तो क्षण, हे सगळं नीट बघायचं. मन पळेल, पळणारच. पळालं म्हणून स्वतःवर चिडू नका. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण त्याला मारत नाही, उचलून आत आणतो. तसं मनाला उचलून आणायचं. दहादा पळालं तर दहादा आणायचं. हे परत आणणं म्हणजेच साधना. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. तिथं दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून माणसं मुळात हेच शिकतात. सुरुवात होते ती नुसत्या श्वासाकडे पाहण्यापासून. दहा दिवस घर सोडणं आपल्याला जमेलच असं नाही, पण श्वास काही इगतपुरीत ठेवलेला नाही!

दुसरी गोष्ट : ‘मलाच का?’ हा विचार आला की तो थोडा वळवा. ‘माझ्यासारखं आणखी कुणाला?’ असं विचारा. पहाटे नळाच्या आवाजानं तुम्ही उठता तेव्हा गल्लीतल्या कितीतरी घरांत दिवे लागलेले असतात. येलदरीचं पाणी तुमच्या घागरीत आलं की तुमचं होतं, शेजारणीच्या घागरीत गेलं की तिचं. पाणी मात्र एकच. काळजीचंही तसंच आहे. तुमच्या मुलाच्या परीक्षेची धास्ती आणि समोरच्या घरातली धास्ती निराळी नाही. ‘मलाच’ म्हटलं की मन आक्रसतं. ‘आपल्या सगळ्यांना’ म्हटलं की तेच ओझं थोडं हलकं होतं. ओझं तेवढंच असतं, पण एकटेपण कमी होतं.

यासाठी औंढा नागनाथची कथा आठवा. नामदेव एवढे मोठे भक्त, पण गोरोबाकाकांनी थापटणं मारून पाहिलं आणि हे मडकं कच्चं ठरलं, असं परंपरा सांगते. मग ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. बघतात तो विसोबा खेचर पिंडीवरच पाय टाकून पडलेले! नामदेवांनी त्यांचे पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथंही पिंड. जिथं पाय ठेवावा तिथं पिंड. जिथं देव नाही अशी जागाच सापडेना. हीच ती एकत्वाची शिकवण. जिंतूरहून औंढ्याला आपण दर्शनाला जातो, नारळ फोडतो, प्रसाद घेऊन येतो. पण देवाविना जागा नसेल, तर जाऊबाईंच्या ठिकाणी तरी ती कशी असेल? अवघड आहे खरं! पण नामदेवांनाही ते एका दिवसात सोपं गेलं नाही.

म्हणून तिसरी गोष्ट : जिचा राग येतो तिच्याकडे दिवसातून एकदा, मनातल्या मनात, नीट बघा. तिचीही कंबर दुखते. तिलाही कुणीतरी चारचौघांत बोललेलं असतं. ती बरोबर होती असं म्हणायला मी सांगत नाही. माणूस म्हणून ती तुमच्यासारखीच आहे, एवढंच बघा. मन थोडं निवळलं की जे सांगायचं ते तिला थेट सांगा : ‘ताई, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत बोललात, ते मला फार लागलं. पुढच्या वेळी मला एकटीला सांगा.’ वर्षभर मनात दळण्यापेक्षा ही दोन वाक्यं कमी वेळ घेतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळं एकच आहे, म्हणून मुकाट्यानं सोसायचं, असा याचा अर्थ कुणी सांगितला तर मानू नका. जनाबाईसुद्धा विठ्ठलाशी भांडते, त्याला चांगलं फैलावर घेते! घरात मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर तिथं ध्यानधारणा हा उपाय नव्हे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. शांत मनाचा उपयोग तिथंही होतोच, पण तो योग्य पाऊल उचलण्यासाठी.

‘एवढा वेळ कुठून आणू?’ असं तुम्ही विचाराल. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लेण्यांत पार्श्वनाथांची भलीमोठी पाषाणमूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. पाहणारा थक्क होतो. दिवसाचा डोलाराही असाच लहानशा आधारावर तोलता येतो. जैन गृहस्थांमध्ये सामायिकाची पद्धत आहे : ४८ मिनिटं समभावात बसायचं. आपण ४८ मिनिटांचा हट्ट नको धरायला. भाकरीची दहा मिनिटं, नळावरची पाच आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर दहा श्वास, एवढ्यावर भागेल. जेवताना मात्र मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार वाचता वाचता पानातली भाजी कशाची होती तेच कळत नाही, असं नको व्हायला!

पोथीही सोडू नका. फक्त अध्याय संपवण्याची घाई सोडा. दोनच ओव्या वाचा, पण त्या वाचताना तिथं असा.

येत्या सोमवारपासून आठ दिवस हे करून बघा. घरातल्या कुणाला सांगायची गरज नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी भांड्यांचा आवाज थोडा कमी झालाय का, एवढंच तुमचं तुम्ही ऐका.