सर्वांत हळू चालणारा पुढे

यंदा जून-जुलैत मी दीड महिना आयर्लंडला धाकट्या बहिणीकडे राहून आले. ती तिथं कॅसलबार नावाच्या गावात नर्स आहे. तिकीटही तिनंच काढलं होतं, नाहीतर धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बाईला कुठलं परवडतंय! परत आल्यापासून दर रविवारी मिस्सा संपली की कुणी ना कुणी विचारतं, "टीचर, तिकडं काय काय बघितलंत?" बघितलं पुष्कळ. पण आज लिहायचं आहे ते एका डोंगराबद्दल, आणि त्या निमित्तानं आपल्या नोव्हेंबरातल्या जुन्या गोव्याच्या पदयात्रेबद्दल. दुसरा भाग काहींना रुचणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

डोंगराचं नाव क्रो पॅट्रिक. मेयो परगण्यात, वेस्टपोर्ट गावाजवळ, अगदी समुद्राच्या काठाला. उंची ७६४ मीटर. आकडा ऐकून फार वाटत नाही, पण चढण जवळजवळ समुद्राच्या पातळीपासूनच सुरू होते, त्यामुळं सगळी उंची आपल्या गुडघ्यांनाच मोजावी लागते. संत पॅट्रिकनं इ. स. ४४१ मध्ये या माथ्यावर ४० दिवस उपवास केला, अशी तिथली परंपरा आहे. हा संत मुळात आयर्लंडचा नव्हेच. सोळाच्या सुमाराला त्याला पळवून आणून गुलाम केलं गेलं, सहा वर्षं त्यानं तिथं जनावरं राखली, मग पळून घरी गेला. आणि मोठेपणी ज्यांनी गुलाम केलं त्यांच्याकडेच शुभवर्तमान घेऊन परत आला. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक हा डोंगर चढतात, काहीजण अनवाणी. माथ्यावर १९०५ साली बांधलेलं छोटंसं पांढरं चॅपेल आहे.

आम्ही गेलो ते त्या रविवारच्या आधीच्या एका शनिवारी, बहिणीच्या धर्मग्रामातल्या गटाबरोबर. पंधरा जण होतो. काही आयरिश, दोन केरळी कुटुंबं, एक फिलिपिनो बाई आणि तिचा १९ वर्षांचा मुलगा, बहीण आणि मी. माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत २३ चिठ्ठ्या होत्या. रविवारच्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या विनंत्या लिहून दिल्या होत्या, आणि बजावलं होतं, "टीचर, वर पोचल्यावर वाचायच्या, आधी नाही."

गटाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या, साठी ओलांडलेल्या. तिथं सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारत. माझी काही जीभ वळेना, मी आपली "मॅडम"च म्हणत राहिले. मरिस्क या पायथ्याच्या गावात गाड्या लावल्यावर त्यांनी प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन विचारलं: गुडघे कसे आहेत, बीपीची गोळी घेतली का, बूट नवे तर नाहीत ना. मग रांग लावली. सगळ्यांत पुढं उभं केलं केरळच्या एका अम्मच्चीला. वय ६८, मुलीकडं आलेली, अंगात साडी, वरून रेनकोट, पायात जावयाचे स्पोर्ट्स शूज. सगळ्यांत शेवटी प्रथमोपचाराची पिशवी घेऊन त्या फिलिपिनो मुलाला ठेवलं. नियम एकच: अम्मच्चीच्या पुढं कुणी जायचं नाही.

खरं सांगते, पहिला अर्धा तास मला राग आला. मी चालणारी बाई आहे. बेळगाव ते जुनं गोवं शंभर किलोमीटरच्या वरचं अंतर मी आठ वेळा पायी गेले आहे. आणि इथं मुंगीच्या पावलानं! पॅट्रिकच्या पुतळ्यापासून वाट ओढ्याच्या कडेनं दगडधोंड्यांतून वर जाते. अम्मच्ची दहा पावलं टाकायची, थांबायची, काठीवर भार द्यायची, पुन्हा दहा पावलं. मागून येणारे दुसरे गट आम्हाला ओलांडून पुढं जात होते. एकदा मी बाजूनं पुढं व्हायला बघितलं तर बहिणीनं दंड धरला, "अक्का, मागं."

पण तासाभरानं एक गोष्ट लक्षात आली. अम्मच्ची दमली की सगळा गट थांबायचा, आणि तिला श्वास मिळाला की मगच हलायचा. आपल्याकडं काय होतं? पुढचे तरणेताठे जाऊन झाडाखाली बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा म्हातारा धापा टाकत तिथवर पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचे उठतात, "चला, आले सगळे!" म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला एक मिनिट मिळत नाही, आणि ज्याला नको त्याला पंधरा मिनिटं मिळतात. आठ पदयात्रा केल्या, पण हा साधा हिशेब मला कधी सुचला नव्हता.

खिंडीत पोचलो तेव्हा ढग थोडे फाटले आणि खाली क्ल्यू बे दिसली. खाडीभर हिरवी बेटं विखुरलेली. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशी ३६५ बेटं आहेत, असं तिथले लोक म्हणतात. कुणी मोजलीत कुणास ठाऊक. अम्मच्चीनं थर्मासमधली सुंठीची कॉफी सगळ्यांना दोन-दोन घोट दिली. एवढ्या थंड वाऱ्यात असं काही प्यायला मिळणं म्हणजे काय, हे तिथं बसल्याशिवाय कळणार नाही.

पुढं सपाट वाट संपली की शेवटचा सुळका सुरू होतो. अलीकडच्या वर्षांत तिथं हातांनी दगड बसवून वाट नीट केली आहे, तरी चढ अंगावर येतोच. सुळक्याच्या पायथ्याशी दगडांची एक रास आहे, लेख्त बेनॉन. यात्रेकरूंचं हे पहिलं स्थानक. त्या राशीभोवती सात फेऱ्या घालायच्या, सात वेळा 'आमच्या बापा', सात वेळा 'नमो मरिया' आणि एकदा क्रीड म्हणायचं. आम्ही सगळ्यांनी फेऱ्या घातल्या. मग मॅडम अम्मच्चीजवळ गेल्या आणि तिच्या मुलीकरवी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" अम्मच्ची बराच वेळ सुळक्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, चढेन, पण उतरताना गुडघा साथ देणार नाही. मी इथंच जपमाळ म्हणते, तुम्ही जाऊन या. तिची मुलगी थांबायला निघाली, तर अम्मच्चीनं तिला हातानंच वर पिटाळलं.

"हिच्याबरोबर कोण थांबतं?" मॅडमनी विचारलं.

मी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

तो फिलिपिनो मुलगा म्हणाला, "मी थांबतो." त्याचीही या डोंगरावर पहिलीच वेळ होती.

आम्ही वर गेलो. माथा ढगात होता, चॅपेल दहा पावलांवर येईपर्यंत दिसलंच नाही. वर पोचल्याचा आनंद झाला, तो मी नाकारणार नाही. भिंतीच्या आडोशाला बसून चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक वाचायला लागले. दहावीचे मार्क, बाबांचं दारू सोडणं, आईचं ऑपरेशन, एकानं मागितलेली सायकल. सतराव्या-अठराव्या चिठ्ठीत पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: "येशू, माझ्या आज्जाला या वर्षी टेम्पोत घालू नको."

हा आज्जा कोण, हे मला लगेच कळलं. कारण त्याला टेम्पोत घालणारी मीच होते.

गेल्या नोव्हेंबरात पदयात्रेत वेळेची जबाबदारी माझ्याकडं होती. कणकुंबी सोडून चोर्ल्याचा उतार लागला तेव्हा आज्जा मागं पडले. आयुष्य फाउंड्रीत गेलेला माणूस, वय ७१, सलग सोळा वर्षं सायबाच्या फेस्ताला चालत गेलेला. केरीच्या मुक्कामी जेवण तयार होतं, अंधार पडायला आला होता, ट्रक सुसाट जात होते. मी मागं गेले आणि म्हणाले, "बाबा, तुमच्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय. बसा आता टेम्पोत." ते एक शब्द न बोलता अंथरुणांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसले. नातू बघत होता. तो माझ्या वर्गातला.

मी त्यांना विचारलंच नव्हतं. अम्मच्चीही माथ्यावर पोचली नाही आणि आज्जाही ते अंतर चालले नाहीत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसेल. पण अम्मच्चीचा निर्णय तिचा होता, तिच्याजवळ माणूस होता, आणि ती थांबली ती जागाही प्रार्थनेचीच होती. आज्जाजवळ ताडपत्री होती.

खाली आलो तेव्हा अम्मच्ची आणि तो मुलगा त्या राशीभोवती अजून फेऱ्या घालत होते. कितवी फेरी, ते दोघांनाही सांगता येईना. उतरताना पुन्हा अम्मच्ची पुढं. या वेळी मी तिच्या लगेच मागं होते, कुणी न सांगता.

आता मुद्द्यावर येते. "जे चालू शकत नाहीत त्यांनी टेम्पोत बसावं" हा आपल्या पदयात्रेचा अलिखित नियम बदलायला हवा, असं माझं मत आहे. टेम्पो असावाच. पण तो सामानासाठी, आणि जो स्वतः मागेल त्याच्यासाठी. रांगेत सगळ्यांत हळू चालणारे पुढं असावेत, आणि शेवटी दोन जबाबदार तरुण, हातात टॉर्च घेऊन. नाव नोंदवतानाच प्रत्येकाला नीट विचारावं, कागदावर लिहून घ्यावं. आणि मुख्य म्हणजे एक दिवस आधी निघावं.

याला आक्षेप येणार, हे मला माहीत आहे; गेल्या वर्षीपर्यंत ते मीच घेत होते. मुक्कामाच्या शाळा आणि हॉल ठरलेल्या तारखांना मिळतात. एका रात्रीचं जेवण वाढतं. कुणी म्हणेल, सायब बसनं आलेल्यांनाही भेटतोच की. भेटतो. मग आपण सगळेच बसनं का जात नाही? चालण्यात काहीतरी आहे असं आपण मानतो म्हणूनच ना? मग ते काहीतरी फक्त धडधाकट गुडघ्यांच्या वाट्याला का यावं?

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. उद्यमबागेत रोजंदारीवर असणाऱ्याला आणखी एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं कणकुंबीला येऊन मिळावं, असं मला सुचतं. कुणाला याहून चांगलं सुचलं तर सांगावं. फक्त "हळू लोकांचा वेगळा गट करू" असं कृपया सुचवू नये. तसं केलं की महिन्याभरात त्या गटाला नाव पडतं, आणि काय नाव पडेल ते आपल्याला माहीत आहे.

पवित्र शास्त्रात हे नवीन नाही. एसाव बरोबर चल म्हणतो तेव्हा याकोब त्याला सांगतो की मुलं कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरं आहेत, एक दिवस जरी दामटली तरी कळप मरेल. तू पुढं हो, मी यांच्या चालीनं येतो (उत्पत्ती ३३). मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं तेव्हा ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी तळ हलवला नाही (गणना १२). आणि अमालेकाचा गुन्हा कोणता म्हणून लक्षात ठेवायला सांगितला आहे? थकूनभागून मागं राहिलेल्यांवर त्यानं घाला घातला (अनुवाद २५). हा शेवटचा उतारा मी वर्गात किमान दहा वेळा शिकवला असेन. त्यात मागं राहिलेल्यांचे चेहरे मला कधी दिसले नव्हते.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आज्जांच्या घरी गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून गेले होते, पण दारातच रडू आलं आणि जुळवलेलं सगळं राहिलं. ते म्हणाले, "अगं, उशीर होत होता हे खरंच होतं की." मग सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि त्या डोंगराची चौकशी सुरू केली. किती उंच, वाट कशी, वर पाणी मिळतं का. अम्मच्चीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. नातू दाराआडून ऐकत होता.

निघताना मी विचारलं, "बाबा, यंदा नाव लिहू का?"

"पदयात्रा समितीची बैठक कधी आहे?"

"येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर."

"मग मीपण येतो," ते म्हणाले. "माझ्याबद्दल ठरवायचंय ना."