देण्याघेण्याच्या साड्या

बिलोलीच्या कापडदुकानात जाऊन साड्या दाखवा म्हणा. दुकानदार आधी विचारतो, "नेसायच्या का देण्याघेण्याच्या?" आपल्या आहेराची काय दशा झाली ते या एका प्रश्नात कळतं. देण्याघेण्याची साडी म्हणजे जी कुणीच नेसणार नाही ती. देणारीला हे ठाऊक, घेणारीला ठाऊक, विकणाऱ्याला तर पहिल्यापासून ठाऊक. तरी ती लगीनसराईभर हिंडते. आत्याकडून चुलतीकडं, चुलतीकडून विहिणीकडं, घडी न मोडता.

टॉवेल-टोपीचं तर विचारूच नका. त्या टॉवेलानं कुणी तोंड पुसलेलं मी आजवर पाहिलं नाही. पत्रिकेवर छापायचं 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर', अन् मांडवात माइकवरून पुकारा चालू, "अमक्या गावचे पावणे, आहेर घ्यायला स्टेजजवळ या." मुहूर्त कधीच टळलेला, उन्हात माणसं ताटकळलेली, लेकरं भुकेली. टोपी डोक्याला टेकवायची, टॉवेल खांद्यावर टाकायचा, फोटो काढायचा. खाली उतरलं की दोन्ही पिशवीत, पुढच्या लग्नासाठी.

यावर शहाणी माणसं म्हणतात, आहेरच बंद करा. मी म्हणतो, आहेर ठेवा. टॉवेल-टोपी बंद करा, अन् कुणी काय आणायचं ते आधी बसून ठरवा.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. आमच्या लहानपणी बस्ता बांधायला निघायच्या आदल्या रात्री भावकी ओसरीवर बसायची. मागच्या लग्नाची आहेराची वही कंदिलाजवळ उघडायची. कुणाचा हंडा आला होता, कुणी चार पायल्या जवारी घातली होती, मामानं काय केलं, सगळं वाचून व्हायचं. मग आजी सांगायची, "घागर दोघीजणी आनू नका गं. तू परात आन. धाकटीकडं औंदा काही नाही, तिनं नुसतं चार दिस आधी येऊन दळण बघावं." धाकटीचं दळण वहीत लिहिलं जायचं नाही, पण ते आहेरात धरलं जायचं. भांड्यावर दुकानातून नाव घालून आणायचं, अमक्याकडून सप्रेम भेट. त्या नावाची मोठी गंमत होती. नाव घातलेली परात पुढं कुणाला सरकवता येत नाही, ती वापरावीच लागते. टॉवेलावर नाव नसतं, म्हणून तो गावोगाव फिरतो.

पलीकडं बोधन-निजामाबादकडच्या तेलुगू लग्नात 'चदिविंपुलु' असतात. म्हणजे कुणी काय दिलं ते नाव घेऊन वाचून दाखवायचं. शिकागोतल्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानानं १९२४ साली नवरीला हव्या त्या वस्तूंची यादी दुकानातच ठेवायची सोय केली. पाहुण्यांनी यादीतलं बघून घ्यायचं. आमच्या आजीला शिकागो ठाऊक नव्हतं, तिचं काम वहीवर भागत होतं.

आता विरोधकांचं एक म्हणणं खरं आहे, ते टाळून पुढं जाता येत नाही. आहेर ठरवून घेतला तर तो हुंड्याचा मागचा दरवाजा होईल. होईल, जर नवऱ्याकडची माणसं त्या बैठकीत बसली तर. म्हणून त्यांना बसवूच नका. देणाऱ्यांनी आपसात ठरवायचं, मागणाऱ्यानं नव्हे. अन् वहीला घाबरायचं कारण नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले, अन् त्यात भेटवस्तूंची लेखी यादी करायलाच सांगितलंय. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, देणारा नात्यात असेल तर नातं काय. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीनं ठेवायची, खाली दोघांच्या सह्या. आमच्याकडं किती घरांत ही यादी होते? उद्या लेक माघारी आली तर तिचं काय होतं हे सांगायला कागद नसतो. व्हिडिओ मात्र तीन तासांचा असतो.

आमच्याच नात्यातली एक बहीण भावाच्या लेकीच्या लग्नाला आली नाही. पावसानं सोयाबीन गेलं होतं. भावाला, भावजयीला, नवरीला कापड करायचं, अन् रिकाम्या हातानं मांडवात उभं राहायचं नाही. हातउसनं कुणी देईना. डोकं दुखतंय असा निरोप आला. सगळ्यांना खरं कळलं होतं, पण कुणी तिला आणायला गेलं नाही. त्याच लग्नात नवरीला भिंतीवरची सात घड्याळं आली. सासरी खोल्या दोन. त्या सात घरांनी आधी एकमेकांना फोन केला असता तर पिठाची छोटी चक्की आली असती, अन् त्या बहिणीला निरोप गेला असता, बाई, तू फक्त ये.

फोन तर आता प्रत्येकाच्या हातात आहे. नातेवाइकांचे ग्रुप आहेत, त्यावर सकाळी सकाळी फुलं येतात. त्याच ग्रुपवर लिहायला काय हरकत आहे की मिक्सर मी घेतला, कुकर दुसऱ्यानं बघावा? लाज वाटते म्हणे. सातवं घड्याळ द्यायला वाटत नाही.

घरात आधीच साठलेल्या टॉवेलांचं काय करायचं, असं वहिनीनं मला विचारलं. म्हटलं, पोळ्याला बैल धुतल्यावर पुसायला घ्या. ती म्हणाली, "भावजी, पाणी टिपत नाहीत ते."