एकच रिमोट निवडताना

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच हातातून चालवणारा रिमोट म्हणजे युनिव्हर्सल रिमोट. टीव्ही एका कंपनीचा, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या, साउंडबार किंवा एव्ही रिसिव्हर तिसऱ्या आणि टीव्हीच्या मागे खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक चौथ्या कंपनीची, अशी मांडणी आज अनेक घरांत दिसते. सिनेमा लावायचा तर टीव्ही चालू करा, इनपुट बदला, रिसिव्हर चालू करा, त्याचेही इनपुट बदला आणि मग आवाज जुळवा. ही कामे तीन-चार रिमोटांवर विखुरलेली असतात. घरात एखाद्यालाच हा क्रम पाठ असतो आणि बाकीचे त्याच्या येण्याची वाट पाहतात. युनिव्हर्सल रिमोट घ्यायचा तो हे परावलंबन संपवण्यासाठी. म्हणून त्याची निवड दुकानापासून नव्हे, घरातल्या उपकरणांच्या यादीपासून सुरू व्हायला हवी. प्रत्येक उपकरणापुढे एकच गोष्ट लिहायची: ते हुकूम कोणत्या मार्गाने घेते?

रिमोटचा इतिहास अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीपासून सांगता येतो. तिने १९५० मध्ये तारेने जोडलेला, १९५५ मध्ये प्रकाशझोतावर चालणारा आणि १९५६ मध्ये माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीवर चालणारा रिमोट बाजारात आणला. पुढे अवरक्त किरणांनी ध्वनीची जागा घेतली. उपकरणे वाढली तसे रिमोटही वाढले आणि ते एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा, इतर रिमोटांचे संकेत शिकून घेणारा रिमोट आणला होता.

बहुतेक टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसिव्हर आणि एसी आजही अवरक्त किरणांवरच चालतात. रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. उन्हात आणि काही दिव्यांच्या उजेडातही अवरक्त किरण असतातच. त्या गर्दीतून रिमोटचा संदेश वेगळा ओळखू यावा म्हणून हा एलईडी सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि उपकरणातला सेन्सर त्या वारंवारतेच्या आसपासचाच प्रकाश ग्राह्य धरतो. या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे आणि त्यांमधली अंतरे यांतून संकेत तयार होतो. मात्र सगळ्या कंपन्यांची संकेतपद्धती एक नाही. एनईसी पद्धतीत संदेश ३२ बिटांचा असतो. तिच्या मूळ रूपात उपकरणाचा पत्ता आणि हुकूम हे दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलटे पाठवले जातात. दोन्ही जुळले नाहीत तर उपकरण तो हुकूम सोडून देते. फिलिप्सची आरसी-५ पद्धती ३६ किलोहर्ट्झवर चालते आणि तिचा संदेश १४ बिटांचा असतो. सोनीची पद्धती ४० किलोहर्ट्झची. म्हणूनच एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या टीव्हीपुढे मुका ठरतो. युनिव्हर्सल रिमोट हा या भाषांमधला दुभाषा.

त्याला या भाषा दोन प्रकारे येतात. पहिल्या प्रकारात हजारो मॉडेलांचे संकेत त्याच्यात आधीच भरलेले असतात आणि माहितीपत्रकातला क्रमांक दाबून आपल्या टीव्हीचा संच निवडायचा असतो. दुसऱ्या प्रकारात तो शिकतो. मूळ रिमोट आणि नवा रिमोट समोरासमोर, काही सेंटिमीटरवर ठेवायचे आणि मूळ रिमोटचे एकेक बटण दाबून त्याचा संकेत नव्या बटणावर उतरवून घ्यायचा. जुना, कमी खपाचा किंवा अनोळखी कंपनीचा रिसिव्हर असेल तर हा दुसराच मार्ग कामाचा. पण शिकण्याच्या पद्धतीतही दर्जाचा फरक असतो. आरसी-५ मध्ये बटण दर वेळी नव्याने दाबले की संदेशातला एक बिट बदलतो. बटण दाबून धरले आहे की पुन्हा दाबले आहे, हे उपकरणाला त्यावरून कळते. स्वस्तातला रिमोट संकेत जसाच्या तसा गोठवून ठेवतो, त्यामुळे हा बिट कधीच बदलत नाही. मग ११ क्रमांकाचे चॅनल लावायला एकाचे बटण दोनदा दाबले तरी टीव्ही ते एकदाच मोजतो. चांगला रिमोट संकेताची पद्धत ओळखतो आणि तो बिट स्वतः बदलत राहतो.

खरी फसगत होते ती अवरक्त किरणांवर न चालणाऱ्या उपकरणांमुळे. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आपल्या रिमोटशी ब्लूटूथने बोलते. प्लेस्टेशनचा कंट्रोलरही ब्लूटूथवरच चालतो. अशा उपकरणात अवरक्त किरण टिपणारा सेन्सरच नसेल तर काहीशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट त्याच्यापुढे कितीही रोखला तरी उपयोग नाही. कोणता रिमोट कशावर चालतो हे तपासण्याची युक्ती घरच्या घरी करता येते. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करायचा, रिमोटचे टोक त्याच्याकडे धरायचे आणि बटण दाबायचे. पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण अवरक्त किरण सोडते आहे. मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी गाळणी बहुधा जास्त प्रभावी असते, म्हणून पुढचा कॅमेरा घ्यायचा. टीव्हीसाठी जुळवलेला फायर स्टिकचा रिमोट असा तपासला तर मजकूर निवडण्याची बटणे दाबताना काहीच दिसत नाही, आवाजाचे बटण दाबले की मात्र ठिपका उमटतो. स्टिकशी तो ब्लूटूथने बोलतो, पण टीव्हीचा आवाज अवरक्त किरणांनी बदलतो. म्हणजे हा रिमोट स्वतःच एक छोटा युनिव्हर्सल रिमोट आहे. टीव्ही, साउंडबार आणि स्टिक एवढाच पसारा असलेल्या घरात तो पुरेसा ठरू शकतो.

पैसे खर्च करण्याआधी आणखी एक सोय तपासायला हवी. एचडीएमआय केबलच्या १९ पिनांपैकी तेरावी पिन सीईसी नावाच्या व्यवस्थेसाठी राखलेली आहे. या एका तारेवरून उपकरणे एकमेकांना हुकूम देतात. स्टिक जागी झाली की टीव्ही आपोआप चालू होतो आणि इनपुट बदलतो. टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. टीव्ही बंद केला की रिसिव्हरही बंद होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय वेगवेगळ्या नावांनी असते. सॅमसंगमध्ये ती ‘अ‍ॅनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’ आणि सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ म्हणून ओळखली जाते. अनेक घरांत ती बंद पडून असते. साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर सीईसीचा लाभ मिळत नाही, कारण त्या केबलमधून फक्त आवाज जातो. तो एचडीएमआयच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या खाचेत जोडावा लागतो. सीईसी चालू केल्यावर सगळे सुरळीत झाले तर नव्या रिमोटची गरजच उरत नाही. मात्र अनेक सेट-टॉप बॉक्स सीईसीला दाद देत नाहीत आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांचे काही हुकूम मानतात, काही मानत नाहीत. अशा घरांत युनिव्हर्सल रिमोटची बाजू भक्कम होते.

बाजारात चार प्रकार मिळतात. पहिला, संकेत आधीच भरलेला साधा रिमोट. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एवढ्यासाठी तो पुरतो. दुसरा, शिकणारा रिमोट. सगळी उपकरणे अवरक्त किरणांवर चालणारी असतील तर किंमत आणि उपयोग यांचा मेळ यातच सर्वांत चांगला बसतो. तिसरा, वाय-फायवर चालणारा आयआर (अवरक्त) ब्लास्टर. खोलीत ठेवलेली ही लहान डबी मोबाइलच्या अ‍ॅपवरून किंवा बोलून दिलेल्या आज्ञेवरून अवरक्त संकेत सोडते. एसीसाठी ती फार सोयीची आहे. पण मोबाइल खिशात घालून घरातला माणूस बाहेर पडला की मागे राहिलेल्यांच्या हाती बटण उरत नाही. शाओमीच्या अनेक फोनमध्ये असलेल्या आयआर एलईडीचेही तेच. तो जादाचा रिमोट म्हणून उत्तम, मुख्य रिमोट म्हणून अपुरा. चौथा प्रकार हबचा. हातातला रिमोट रेडिओ लहरींनी हबशी बोलतो आणि हब अवरक्त, ब्लूटूथ, वाय-फाय अशा मार्गांनी उपकरणांना हुकूम देतो. सर्वांत महाग प्रकार हाच. रिसिव्हर सनमायकाच्या दाराआड ठेवला असेल, प्रोजेक्टर छताला टांगला असेल किंवा ब्लूटूथची उपकरणे असतील तर मात्र तोच सर्वांत उपयोगी पडतो. कपाटाचे दार साध्या पारदर्शक काचेचे असेल तर अवरक्त किरण आरपार जातात; लाकडी दार त्यांना अडवते.

होम थिएटरसाठी कळीचा मुद्दा एका बटणात अनेक हुकूम भरण्याचा, म्हणजे मॅक्रोचा. ‘सिनेमा’ हे बटण दाबले की टीव्हीला पॉवर, रिसिव्हरला पॉवर, काही सेकंदांची उसंत, मग इनपुट, असा क्रम रिमोट पाठवतो. इथे एक बारीक अडचण आहे. बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते. टीव्ही कोणी आधीच चालू केलेला असेल तर मॅक्रोतला पॉवरचा हुकूम त्याला बंद करतो. रिसिव्हर चालू, टीव्ही बंद, असा घोळ होतो आणि बटण पुन्हा दाबले की दोघांची अदलाबदल होते. अवरक्त मार्ग एकेरी असल्याने उपकरण चालू झाले की नाही हे रिमोटला समजतच नाही. यावर उपाय स्वतंत्र संकेतांचा. अनेक टीव्ही आणि रिसिव्हर ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे संकेत ओळखतात, जरी त्यांच्या मूळ रिमोटवर तशी बटणे नसली तरी. इनपुटचेही तसेच: एकामागून एक पर्याय फिरवणाऱ्या बटणापेक्षा थेट एचडीएमआय १ किंवा २ लावणारा संकेत भरवशाचा. विकत घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारावा: या रिमोटच्या संग्रहात आपल्या मॉडेलचे स्वतंत्र संकेत आहेत का? आणि हुकमांमधली उसंत बदलता येते का? टीव्ही जागा होण्यास काही सेकंद घेतो. त्या अवधीत आलेले हुकूम वाया जातात.

तंत्रानंतर प्रश्न हाताचा आणि डोळ्यांचा. सिनेमा अंधारात पाहिला जातो, म्हणून बटणांमागे उजेड असावा. आवाज, म्यूट आणि मागे जाण्याचे बटण न पाहता बोटांना सापडले पाहिजे. पाचाच्या बटणावर उंचवटा असेल तर आकडे चाचपून दाबता येतात. नुसता टचस्क्रीन असलेला रिमोट दिसायला देखणा, पण आवाज कमी करायलाही नजर पडद्यावरून हटवावी लागते. ज्येष्ठांना आणि दृष्टी अधू असलेल्यांना तो जाचक ठरतो. सेल सहज मिळणारे असावेत. काही चपट्या रिमोटांमध्ये बटन सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे.

रिमोट किती वर्षे साथ देईल, हेही पाहायला हवे. हार्मनी हे या क्षेत्रातले सर्वांत नावाजलेले नाव. कॅनडातल्या इंट्रीग टेक्नॉलॉजीज कंपनीने ते घडवले आणि २००४ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली. २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी रिमोटांचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. हे रिमोट जुळवण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडावे लागत असल्याने कंपनी सर्व्हर चालू ठेवील तोवरच नवे उपकरण त्यांत भरता येणार, ही चिंता ग्राहकांच्या मागे लागली. यातून घ्यायचा बोध सरळ आहे. शिकलेले संकेत रिमोटमध्येच साठवणारा आणि इंटरनेट बंद असतानाही चालणारा रिमोट अधिक काळ कामाचा राहतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रिमोट घ्यायला जाताना उपकरणांच्या मागच्या स्टिकरवरचे मॉडेल क्रमांक आणि मूळ रिमोट बरोबर न्यावेत. शिकणारा रिमोट असेल तर दुकानातच दोन-तीन बटणे शिकवून पाहावीत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपका तपासावा. ऑनलाइन घेतला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक उपकरणाचे प्रत्येक गरजेचे बटण चालवून घ्यावे. मूळ रिमोट टाकून देऊ नयेत. नवा रिमोट बिघडला तर शिकवायला तेच लागतात. सेल गळून आतले पत्रे खराब होऊ नयेत म्हणून त्यांतले सेल काढून हे रिमोट एका डब्यात ठेवावेत.

शेवटची परीक्षा घरातच घ्यायची. सगळे जुळवून झाल्यावर रिमोट घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती द्यावा आणि शेजारी उभे राहून सूचना देऊ नयेत. त्यांना एकट्याने सिनेमा लावता आला, आवाज बदलता आला आणि सगळे बंद करता आले, तरच निवड बरोबर ठरली. तसे झाले नाही तर रिमोट कितीही महागडा असला तरी तो त्या घराचा नाही.